दुसऱ्याने टाकायचा टॉवेल

कारखाना चालेनासा झाला आणि मालकाने गाशा गुंडाळला, की इंग्रजी वर्तमानपत्र लिहितं, त्याने टॉवेल टाकला. निवडणुकीच्या मैदानातून एखाद्या उमेदवाराने अंग काढून घेतलं, की त्यानेही टॉवेल टाकला. 'थ्रो इन द टॉवेल' म्हणजे हार मानणं. बोलण्यातल्या ह्या वापरात हरणारा आणि टॉवेल टाकणारा माणूस एकच असतो. ज्या रिंगणातून हा वाक्प्रचार बाहेर पडला तिथे मात्र ते शक्यच नव्हतं. मार खाणाऱ्या बॉक्सरकडे टॉवेल नसतोच, त्याच्या हातांत ग्लोव्ह्ज असतात. टॉवेल टाकतो तो कोपऱ्यातला त्याचा माणूस, आणि तोही बरेचदा लढणाऱ्याच्या मनाविरुद्ध.

आपल्याकडे नांगी टाकायची तर ती ज्याची त्यानेच टाकायची. हातही आपलेच टेकायचे. इंग्रजांच्या मुष्टियुद्धात मात्र दुसऱ्याच्या वतीने हार कबूल करण्याची एक रीतसर प्रथा वाढली. तिला नियम होते, ठरलेली खूण होती, पुढे तिच्यावरून भांडणंही झाली. वाक्प्रचार जगभर गेला आणि ही प्रथा त्याच्यामागे झाकली गेली.

हार किंवा चूक कबूल करण्याचे इंग्रजी वाक्प्रचार कुठून कुठून आले हे पाहायला लागलं तर स्वयंपाकघर, चर्च, कोर्ट, शाळेचं मैदान, सगळीकडे फिरावं लागेल. 'हंबल पाय' खाणं म्हणजे मान खाली घालून चूक मान्य करणं. त्यातला पाय मुळात हरणाच्या काळीज-आतड्यांचा. त्या मांसाला 'अंबल्स' म्हणत, आणि नम्र ह्या अर्थाच्या 'हंबल'शी त्याचा संबंध केवळ उच्चाराच्या सारखेपणाचा. हे गरिबाचं, नोकरचाकरांचं खाणं होतं असं सर्रास सांगितलं जातं. पण सॅम्युएल पीप्ससारख्या बऱ्या हुद्द्यावरच्या माणसाने 1663च्या रोजनिशीत शेजारणीने भट्टीतून गरमागरम आणलेल्या अशाच एका पायची तोंड भरून तारीफ केली आहे. अमेरिकेतली पोरं एकमेकांना खाली पाडून 'अंकल म्हण' असा हट्ट धरतात. तसं म्हटलं की हार मानली. ह्या गोष्टी गमतीच्या आहेत, पण त्यांचा इतिहास तुटक मिळतो. टॉवेलचा तसा नाही. तो जवळजवळ सलग सांगता येतो, आणि त्याची सुरुवात लंडनमधल्या एका होडीवाल्यापासून होते.

जॅक ब्रॉटन हा थेम्स नदीवर उतारूंची ने-आण करणारा नावाडी. मुठींच्या जोरावर तो इंग्लंडचा सर्वात नावाजलेला मुष्टियोद्धा झाला. जॉर्ज स्टीव्हन्सन नावाच्या गाडीवानाशी त्याची झुंज झाली आणि त्या मारातून स्टीव्हन्सन उठला नाही. ब्रॉटनच्या मनाला ते लागलं असं त्याचे चरित्रकार सांगतात. 1743मध्ये त्याने ऑक्सफर्ड रोडवर स्वतःचा आखाडा काढला आणि त्यासाठी सात नियम छापले. मुष्टियुद्धाचे हे पहिले लेखी नियम.

लाकडी चौथऱ्याच्या मधोमध खडूने एक यार्डाचा चौकोन काढायचा. कोणी खाली पडला की फेरी संपली. मग अर्ध्या मिनिटात प्रत्येकाच्या माणसाने, इंग्रजीत त्याला 'सेकंड' म्हणतात, आपण पाठीराखा म्हणू, आपला गडी चौकोनाच्या कडेला आणून उभा करायचा. हरला कोण हे ठरवण्याच्या ब्रॉटनने दोनच वाटा ठेवल्या. गडी वेळेत रेषेवर आला नाही तर हरला, किंवा त्याच्या स्वतःच्या पाठीराख्याने तो हरला असं जाहीर केलं तर हरला. लढणाऱ्याच्या तोंडच्या शब्दाचा त्या वाक्यात उल्लेख नाही. त्याच कलमात पुढे आणखी एक बारकावा आहे: समोरच्या गड्याला प्रश्न विचारायला किंवा 'सोडून दे' असं सुचवायला पाठीराख्याला मनाई. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडून 'हरलो' वदवून घेण्याचे प्रकार तोवर झालेले असणार. नाहीतर असा नियम करायचं कोणाच्या डोक्यात आलं नसतं.

ब्रॉटनचं म्हणणं किती बरोबर होतं ते त्याच्यावरच शेकलं. 1750मध्ये जॅक स्लॅक नावाच्या खाटकाच्या एका ठोशाने त्याच्या डोळ्यांसमोर अंधार पसरला. त्याच्यावर पैज लावून बसलेला ड्यूक ऑफ कंबरलँड, म्हणजे खुद्द राजाचा मुलगा, बाहेरून ओरडायला लागला. त्यावर ब्रॉटनने दिलेलं उत्तर परंपरेने सांगितलं जातं: दिसत नाही, पण हरलेलो नाही, मला फक्त माझ्या माणसाच्या समोर नेऊन उभं करा. चौदा मिनिटांत सगळं आटोपलं. ड्यूकचे दहा हजार पौंड गेले असं म्हणतात. त्याचा आश्रय गेला आणि त्यामागून आखाडाही. डोळ्यांनी दिसत नसलेला माणूस आपण हरलेलो नाही म्हणतो, तेव्हा त्याचा शब्द किती धरायचा? पुढची दोनशे वर्षं ह्या खेळाला हाच प्रश्न चिकटून राहिला.

चौथरे गेले आणि झुंजी उघड्या माळावर, कायद्याची नजर चुकवून व्हायला लागल्या. खडूच्या चौकोनाची जागा हिरवळीत ओरखडलेल्या रेषेने घेतली. इंग्रजीत ओरखड्याला 'स्क्रॅच', म्हणून रेषेपाशी उभं राहण्याइतका दम असणं म्हणजे 'कमिंग अप टू द स्क्रॅच'. आज एखाद्याच्या कामाचा दर्जा कमी पडला तरी हेच शब्द वापरतात. ब्रॉटनच्याच नियमांत पडलेल्याला मारू नये आणि कमरेखाली धरू नये अशीही कलमं होती, आणि तेही शब्द बोलण्यात उतरले. इंग्रजीतले नीतिअनीतीचे निम्मे वाक्प्रचार ह्या माळांवरून गोळा करता येतील.

हार मात्र सुटसुटीतपणे ठरत नसे. 1810च्या डिसेंबरात टॉम क्रिब आणि अमेरिकेतून आलेला, गुलामीतून सुटलेला कृष्णवर्णीय टॉम मोलिनो यांची कॉपथॉल कॉमनवर झुंज झाली. एका फेरीनंतर क्रिब वेळेत रेषेवर यायची चिन्हं दिसेनात. तेव्हा त्याच्या पाठीराख्याने मोलिनोच्या मुठीत शिशाच्या गोळ्या असल्याचा कांगावा केला आणि त्या वादावादीत क्रिबला श्वास घ्यायला वेळ मिळाला, अशी कथा आहे. शेवटी मोलिनोनेच आता लढवत नाही असं सांगितलं म्हणतात. अर्ध्या मिनिटाचा नियम काटेकोर पाळला असता तर हे सांगायची पाळी दुसऱ्यावर आली असती.

माघार घेणं इतकं अवघड का होतं, त्याचं उत्तर पैशात आहे. झुंजीची रक्कम लढणाऱ्याची नसे. त्याच्या आश्रयदात्यांनी ती लावलेली असे, आणि भोवती जमलेल्या हजारोंच्या पैजा वेगळ्याच. पाठीराख्याने हार कबूल केली की त्याच क्षणी ह्या सगळ्यांचे पैसे बुडत. त्याने पैसे खाऊन लवकर माघार घेतली, हा संशय कायम घिरट्या घालत असे. म्हणून पाठीराखे शेवटपर्यंत थांबत, आणि त्यात माणसं मरत.

सायमन बर्नची गोष्ट ह्यातली सर्वात भयंकर. 1830मध्ये त्याच्याशी झालेल्या झुंजीत अलेक्झांडर मॅके मेला. बर्नवर खटला झाला आणि तो सुटला. तीन वर्षांनी, 30 मे 1833 रोजी, बर्न स्वतः जेम्स बर्कसमोर उभा राहिला. बर्क ऐकू न येणारा, म्हणून 'डेफ बर्क' ह्याच नावाने प्रसिद्ध. 99 फेऱ्या, 3 तास 6 मिनिटं. शेवटी शेवटी बर्नला त्याची माणसं अक्षरशः उचलून रेषेवर आणत होती. नियमाप्रमाणे ते योग्यच होतं, कारण गड्याला आणून उभं करणं हे पाठीराख्याचं काम असं ब्रॉटननेच लिहून ठेवलं होतं. तीन दिवसांनी बर्न गेला. बर्कवर खटला झाला आणि तोही निर्दोष सुटला.

1838च्या मार्चमध्ये ओवेन स्विफ्टच्या हातून 'ब्रायटन बिल' नावाने लढणारा विल्यम फेल्प्स मेला, तेव्हा कुठे नियम बदलले. लंडन प्राइझ रिंगचे नवे नियम सांगत होते की तीस सेकंदांच्या विश्रांतीनंतर आणखी आठ सेकंदांत गड्याने स्वतःच्या पायांनी, कोणाच्या मदतीशिवाय, रेषेवर यावं. उचलून आणणं बंद. म्हणजे हरल्याची कबुली आता शब्दांनी द्यायची गरज नव्हती. पाय उचलले नाहीत तर पायांनीच ती दिली असं धरलं जाई. कोल्हापूरच्या खासबागेत पाठ मातीला लागली की निकाल लागतो आणि पैलवानाला काही बोलावं लागत नाही, तसाच हा प्रयत्न. फरक एवढाच की मातीवरची कुस्ती एका चितपटीने संपते, आणि मुठींच्या झुंजीत पडलेला माणूस शंभर वेळा उठू शकतो. त्यामुळे पाठीराख्याची जबाबदारी काही संपली नाही.

ह्या काळातला रिंगणाचा कोपरा नजरेसमोर आणायला हवा. प्रत्येक गड्याबरोबर दोन माणसं दोरांच्या आत उभी. एक पाठीराखा, दुसरा बाटली सांभाळणारा. फेरी संपली की एकजण गुडघा टेकवून दुसऱ्या मांडीचं आसन करी आणि दमलेला गडी त्या मांडीवर बसे. स्टूल नंतर आलं. बाटलीत पाणी, कधी ब्रँडी. सुजून मिटलेल्या पापणीला चीर देऊन साचलेलं रक्त काढण्यासाठी काहींच्या खिशात धारदार पातं. आणि सगळ्यात जास्त कामाची वस्तू म्हणजे स्पंज. पाण्यात बुडवून त्याने तोंडावरचं रक्त पुसायचं, मान ओली करायची, पुन्हा बुडवायचा. थोड्याच वेळात बादलीतलं पाणी लाल होई.

पाठीराख्याला हार जाहीर करायची असली की तो हाच स्पंज हवेत उंच उडवी. हजारोंच्या कोलाहलात 'हरलो' ओरडून कोणाला ऐकू जाणार? उडालेला स्पंज लांबूनही दिसे, आणि अर्थही उघड होता: आता पुसायचं काही कारण राहिलं नाही. लंडनचा प्रकाशक जॉन कॅम्डेन हॉटन याने 1860च्या सुमारास बोलभाषेचा जो कोश काढला त्यात 'थ्रो अप द स्पंज' ह्याचा अर्थ शरण जाणं असा दिला आहे आणि तो मुष्टियुद्धातून आल्याचंही नोंदलं आहे. तोवर रिंगणाशी काही संबंध नसलेली माणसंही हे शब्द वापरायला लागली होती.

गंमत अशी की त्याच सुमाराची सर्वात गाजलेली झुंज स्पंज न उडताच संपली. 17 एप्रिल 1860, फार्नबरो. इंग्लंडचा टॉम सेयर्स आणि अमेरिकेचा जॉन हीनन. लंडनहून खास आगगाड्या भरभरून गर्दी आली. हीनन सहा फुटांच्या वर, सेयर्स त्याच्या निम्म्या अंगाचा वाटावा असा. सेयर्सचा उजवा हात सुरुवातीलाच निकामी झाला. हीननचे डोळे सुजून मिटत चालले. दोन तास उलटून गेले तरी दोघांच्याही कोपऱ्यांतून कोणी हार मानेना. पैजा दोन देशांच्या अब्रूच्या झाल्या होत्या. शेवटी गर्दी दोर तोडून आत घुसली, पोलीस आले आणि झुंज बरोबरीत सुटली. पुढे सेयर्ससाठी लोकांनी सुमारे तीन हजार पौंड जमवले, पण एका अटीवर: पुन्हा लढायचं नाही. त्याच्या वतीने माघार घ्यायची ती शेवटी वर्गणीदारांनी घेतली.

1867च्या क्वीन्सबेरी नियमांनी खेळाचा चेहरामोहरा बदलला. हे नियम लिहिले जॉन ग्रॅहम चेंबर्सने. मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरीने फक्त नाव दिलं, आणि ऑस्कर वाइल्डच्या खटल्यातली त्याची भूमिका सोडली तर आज तो त्या नावापुरताच उरला आहे. हातांत ग्लोव्ह्ज, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, पडला तर दहा सेकंद. त्यांतलं एक कलम आपल्या गोष्टीच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे: फेरी चालू असताना पाठीराख्याने किंवा इतर कोणी रिंगणात थांबायचं नाही. पाठीराखा दोरांच्या बाहेर गेला. आधी तो आत उभा राहून स्पंज वर उडवत असे. आता त्याला तो बाहेरून आत टाकावा लागणार. जुन्या वाक्प्रचारात 'अप' होतं आणि पुढच्या काळात त्या जागी 'इन' आलं, ते ह्या बदलाशी अगदी जुळतं. पुढे स्पंजच्या जागी टॉवेलही आला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकन वर्तमानपत्रांत टॉवेल रुळलेला दिसतो. 4 जुलै 1919 रोजी टोलेडोला जॅक डेम्प्सीने अजस्र जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. तिसऱ्या फेरीनंतर विलर्डच्या कोपऱ्यातून आत आला तो टॉवेल.

स्पंजची शेवटची मोठी आठवण त्याआधीची. 8 जुलै 1889, मिसिसिपीतलं रिचबर्ग. जॉन एल. सुलिव्हन आणि जेक किलरेन यांच्यातली ही उघड्या मुठींची शेवटची हेवीवेट अजिंक्यपदाची लढत. कायद्याने बंदी असल्यामुळे जागा गुप्त ठेवलेली, प्रेक्षकांना न्यू ऑर्लिन्सहून आगगाडीने आणलेलं. उन्हाचा पारा शंभर फॅरनहाइटच्या वर. 75 फेऱ्या झाल्या, दोन तासांहून जास्त वेळ गेला. किलरेनची मान सावरेना. त्याच्या कोपऱ्यात माइक डोनोव्हन होता, स्वतः एकेकाळचा मिडलवेट विजेता. हा आणखी एखाददुसऱ्या फेरीत मरेल, असं त्याच्या ध्यानात आलं. 76वी फेरी सुरू व्हायच्या आधी त्याने स्पंज टाकला. किलरेन त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं जगला. 1918मध्ये सुलिव्हन वारला तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत किलरेन होता.

ह्या माइक डोनोव्हनचा मुलगा आर्थर पुढे न्यूयॉर्कचा नावाजलेला पंच झाला. 22 जून 1938च्या रात्री यांकी स्टेडियममध्ये सत्तर हजारांच्या गर्दीसमोर जो लुई आणि जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग यांच्या लढतीचा पंच तोच होता. दोन वर्षांपूर्वी श्मेलिंगने लुईला हरवलेलं. नाझी जर्मनीने त्याचा डंका पिटलेला. ह्या वेळी लुईने दोन मिनिटं घेतली. श्मेलिंग तिसऱ्यांदा कोसळला तेव्हा त्याचा प्रशिक्षक मॅक्स माखोन याने टॉवेल आत टाकला. आर्थर डोनोव्हनने तो उचलला आणि दोरांकडे भिरकावून दिला. न्यूयॉर्कच्या नियमांत टॉवेलला मान्यता नव्हती. लढत थांबवायचा अधिकार फक्त पंचाचा. काही क्षणांतच त्याने ती थांबवली. वेळ 2 मिनिटं 4 सेकंद.

बापाने स्पंज टाकून एका माणसाचा जीव वाचवला आणि मुलाने तशाच कामासाठी आलेला टॉवेल परत फेकला. ह्यात आर्थरचा निष्ठुरपणा शोधण्यात अर्थ नाही. 1920 नंतर न्यूयॉर्कमध्ये बॉक्सिंग सरकारी आयोगाच्या देखरेखीखाली आलं होतं. टॉवेल कोणी टाकला, खरंच प्रशिक्षकाने की पैज लावलेल्या एखाद्या प्रेक्षकाने, हे ठरवत बसायचं कोणी? आयोगाला तो अधिकार एका पगारी, ओळखीच्या, जबाबदार माणसाच्या हाती हवा होता. हौशी बॉक्सिंगच्या नियमांनी वेगळी तडजोड केली: पाठीराख्याने स्पंज किंवा टॉवेल टाकायला हरकत नाही, फक्त पंच आकडे मोजत असताना नाही.

टॉवेलचं वजन कमी झालं तरी कोपऱ्यातल्या माणसाला बोलावंच लागलं. 1 ऑक्टोबर 1975, मनिला. चौदा फेऱ्यांनंतर जो फ्रेझरला जवळजवळ दिसेनासं झालं होतं, आणि पंधरावी फेरी बाकी होती. त्याचा प्रशिक्षक एडी फच याने रिंगणात मरणारी माणसं पाहिली होती. त्याने पंचाला थांबायला सांगितलं. फ्रेझर उठू पाहत होता. फचने त्याला बसवलं. समोरच्या कोपऱ्यात मुहंमद अलीच पुढे लढायला तयार नव्हता अशी आख्यायिका आहे, म्हणजे एक मिनिट आणखी गेलं असतं तर जगाने दुसराच निकाल पाहिला असता असं मानणारे पुष्कळ आहेत. पाच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1980 रोजी, लास वेगासला अडतीस वर्षांचा अली लॅरी होम्सकडून दहा फेऱ्या मार खात राहिला. त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली, तेव्हा त्याचाच सहकारी बंडिनी ब्राउन आणखी एक फेरी द्या म्हणून त्याच्याशी भांडायला लागला. मुख्य पाठीराखा मी आहे, असं डंडीने बजावलं. अली स्टुलावर बसून होता. त्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं हे ब्रॉटनला 1750पासून ठाऊक होतं.

अलीच्या ह्या लढतीनंतर आठ आठवड्यांच्या आत, 25 नोव्हेंबर 1980 रोजी, न्यू ऑर्लिन्सला पनामाच्या रॉबेर्तो डुरानने उलटंच केलं. जूनमध्ये त्याने शुगर रे लेनर्डला हरवलं होतं. ह्या वेळी लेनर्ड त्याला वाकुल्या दाखवत, नाचत, चुकवत राहिला. आठव्या फेरीत डुरानने पाठ फिरवली आणि हात झटकून लढत सोडली. तो फारसा जखमी नव्हता. कोपऱ्यातल्या रे आर्सेल आणि फ्रेडी ब्राउन ह्या अनुभवी म्हाताऱ्यांना काही कळायच्या आत सगळं संपलं होतं. पोटात पेटके येत होते असं डुरानने सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या नावावर दोन स्पॅनिश शब्द जगभर छापून आले: 'नो मास', पुरे झालं.

इंग्रजीत हे दोन शब्द तसेच्या तसे राहिले. आज क्रिकेटपासून शेअर बाजारापर्यंत कोणीही ते वापरतो. डुरानने 1983मध्ये आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेव्ही मूरला हरवून पुन्हा एक अजिंक्यपद मिळवलं आणि 1989मध्ये इरान बार्कलीविरुद्ध आणखी एक जिंकलं. आपण ते शब्द उच्चारलेच नाहीत, असं तो तेव्हापासून आजवर सांगत आला आहे.